तंतकवींची तार आणि बेंजोची तार

मराठी साहित्याच्या इतिहासाचा पहिला पाठ आपण वर्गात देतो तो तीन यमकदार शब्दांनी : संत, पंत आणि तंत. यांपैकी पहिल्या दोन शब्दांवर विद्यार्थी अडत नाहीत. संतकवी भक्तीवरून ओळखले जातात, पंतकवी पांडित्यावरून. तिसऱ्यापाशी मात्र दरवर्षी एखादा हात वर होतो. 'तंत' म्हणजे काय? तंत म्हणजे तंतू, तार. शाहिराच्या मागे जो साथीदार तुणतुणे घेऊन उभा असतो, त्या तुणतुण्याची तार. एका संपूर्ण काव्यपरंपरेला तिच्या साथीच्या वाद्यावरून, त्यातही त्या वाद्याच्या एकुलत्या एका तारेवरून नाव मिळावे, ही आपल्या वाङ्मयेतिहासातील फार दुर्मीळ गोष्ट आहे. ते नाव गौरवासाठी दिले गेले की यमक जुळावे म्हणून, हा वाद वेगळा.

बारामतीच्या परिसरात हा पाठ शिकवताना एक सोय असते. पंतकवींमध्ये अग्रगण्य असलेले मोरोपंत (१७२९–१७९४) येथलेच. पन्हाळगडावर जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी बारामतीत स्थिरावला आणि आर्येची अफाट रचना करून गेला. लावणीकार रामजोशी सोलापूरचे. फड सोडून ते कीर्तनाकडे वळले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनांतून लोकांपर्यंत नेल्या, असे परंपरा सांगते. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) या चित्रपटामुळे ही जोडी पुढील पिढ्यांच्याही ओळखीची झाली. पंत आणि तंत यांची भेट ज्या गावाने पाहिली असे आपण मानतो, त्या गावाच्या पंचक्रोशीत आज तार कोणती वाजते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारायला हरकत नसावी. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा आहे.

प्रथम तुणतुण्याचे थोडे. लाकडाचे पोकळ नळकांडे, एका तोंडाला मढवलेले कातडे, बाजूला ठोकलेली काठी, काठीच्या माथ्यावर खुंटी आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली एक पोलादी तार. तारेची लांबी हातभर. तिच्यावर सूर बदलत नाही; एकच सूर, एकाच लयीत, टुणटुण वाजत राहतो. पोवाडा, लावणी, गोंधळ यांना त्या सुराचा आणि लयीचा आधार असतो. पण भाषेने या वाद्याचे काय केले पाहा. कोणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला की 'त्याचं तुणतुणं सुरू झालं' असे आपण म्हणतो. स्वतःची टिमकी वाजवणारा हास्यास्पद ठरतो. दुसऱ्याची पिपाणी होणे लाजिरवाणे असते. टाळ कुटणारा निरुद्योगी. चौघडा, नौबत, वीणा यांच्या वाट्याला असे वाक्प्रचार आले नाहीत. वाद्य जितके लहान, स्वस्त आणि रस्त्यावरचे, तितकी भाषा त्याच्याशी उर्मट. ह्या नियमाला अपवाद शोधण्याचा मी प्रयत्न केला आहे; फारसे सापडले नाहीत.

आता आजच्या तारेकडे. निरा-बारामती रस्त्यावरचे कोऱ्हाळे बुद्रुक हे निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारे गाव. शेजारी सोमेश्वर सहकारी साखर कारखाना. हंगाम संपून लग्नसराई लागली की ह्या रस्त्यावर वराती निघतात आणि वरातीपुढे टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जनरेटर, भोंगे, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ताशा यांच्या मधोमध एक माणूस गळ्यात पट्ट्याने अडकवलेली लांबट लाकडी पेटी घेऊन उभा असतो. डाव्या हाताची बोटे टंकलेखन यंत्रासारख्या बटणांवर धावतात, उजव्या हातातील छोटी पट्टी तारांवर अखंड आघात करते. हाच बेंजो. कोणी बँजो म्हणतात, कोणी बेंजू.

हा बेंजो आला कोठून? त्याच्या नावावर विसंबणारा पहिल्याच पावलाला चुकेल. अमेरिकेतील बँजो हे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या स्मृतीतून घडलेले, कातड्याने मढवलेले वाद्य आहे. आपल्याकडे त्याचा दूरचा भाऊ शोधायचाच झाला तर तो तुणतुण्यात सापडेल, बेंजोत नव्हे. आपला बेंजो जपानी आहे. १९१२ मध्ये नागोया शहरातील मोरिता गोरो या संगीतकाराने 'निगेनकिन' नावाच्या दोन तारांच्या जुन्या जपानी वाद्याला टंकलेखन यंत्राच्या धर्तीची बटणे बसवली. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली. तिच्यावरून वाद्याला 'ताइशोगोतो' हे नाव मिळाले. कल्पना साधी होती. बटण दाबले की खालची धातूची पट्टी तारेला टेकते, तार तेथून आखूड होते आणि स्वर चढतो. बटणांवर आकडे असतात आणि आकड्यांवरून गाणे वाजवता येते. गुरू नको, वर्षानुवर्षांचा रियाज नको, घरातल्या घरात कोणीही शिकावे. किंमतही थोडी. कुलीन वाद्यांच्या दृष्टीने हे खेळणेच होते.

मुंबई आणि जपान यांच्यातील सागरी मार्ग तोपर्यंत चांगला रुळला होता. निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने १८९३ मध्ये मुंबईची जलवाहतूक सुरू केली ती आपल्या कापसासाठी. कापूस तिकडे जाई. पुढे तिकडून कापड, काचसामान, खेळणी असा स्वस्त माल येऊ लागला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत हे बटणांचे वाद्यही दक्षिण आशियात पोचले आणि येथे त्याला नवी नावे पडली. सुशिक्षित दुकानदारी नाव पडले 'बुलबुल तरंग'. जलतरंग, काष्ठतरंग यांच्या पंक्तीत बसणारे, पक्ष्याच्या गोडव्याचे हे नाव. दुसरे नाव 'जपानी बँजो'. त्यातील 'जपानी' गळाले आणि उरला बेंजो. एकाच वाद्याची ही दोन नावे दोन वेगळ्या मार्गांनी गेली. बुलबुल तरंग मध्यमवर्गीय घरातील मुलाच्या वाढदिवसाला येत असे आणि दोन महिन्यांत माळ्यावर जाई. बेंजो वस्तीत, चाळीत, कोळीवाड्यात, कव्वालीच्या बैठकीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत गेला, आणि तेथेच राहिला.

येथे तारेच्या लांबीविषयी थोडे विषयांतर आवश्यक आहे, कारण ह्या वाद्याचे बरेचसे चरित्र त्या लांबीत दडलेले आहे. तंतुवाद्याच्या एका टोकाचा आधार आणि दुसऱ्या टोकाची घोडी यांच्यामधील जी तार मोकळी कंप पावते, तिची लांबी त्या वाद्याचा स्वभाव ठरवते. तार तीच आणि स्वरही तोच ठेवायचा असेल, तर लांबी कमी करताना ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरवावा लागतो. फेंडर कंपनीच्या प्रमाण गिटारची ही लांबी २५.५ इंच आहे. ती २४ इंच केली तर ताण सुमारे ११ टक्के घटतो, २२.५ इंच केली तर सुमारे २२ टक्के. तार मऊ लागते, बोटांना अंतर कमी पडते, लहान हातालाही स्वर गाठता येतात. मोबदल्यात काही द्यावे लागते : नाद लवकर विझतो, झंकार तोकडा पडतो. आखूड तारेची वाद्ये म्हणूनच सहसा शिकाऊंसाठी बनवली गेली. फेंडरने १९५६ मध्ये 'म्युझिकमास्टर' आणि 'ड्युओ-सॉनिक' ही २२.५ इंचांची गिटार विद्यार्थ्यांसाठी म्हणूनच बाजारात आणली. १९६४ मध्ये 'मस्टँग' आली तीही ह्याच वर्गातली.

गंमत अशी की विजेवरच्या गिटारचा इतिहास आखूड तारेपासूनच सुरू होतो. जॉर्ज बोशां यांच्या रचनेवरून रिकनबॅकर यांच्या कारखान्याने १९३२ मध्ये विक्रीस काढलेली पहिली विद्युत गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. आकारामुळे तिला 'फ्राइंग पॅन' हे टोपणनाव पडले. तिच्या एका प्रकाराची लांबी २२.५ इंचच होती. पुढे जॉन लेनन यांनी १९६० मध्ये हॅम्बुर्गला रिकनबॅकरचीच ३२५ क्रमांकाची गिटार घेतली. तिची लांबी तर जेमतेम २०.७५ इंच. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्सना अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिले तेव्हा लेनन यांच्या गळ्यात हीच होती. कर्ट कोबेन यांनी १९९१ च्या गाजलेल्या चित्रफितीत शिकाऊंसाठी काढलेली मस्टँगच वाजवली. ज्या वाद्याला कंपनीने 'विद्यार्थ्यांचे' म्हणून खालच्या रांगेत बसवले होते, त्याने असा मान मिळवला.

मान मिळाला तो केवळ दोन नामवंत वादकांमुळे मात्र नव्हे. त्यांच्या मागे हजारो हौशी लोक आहेत. ते आपापली आखूड गिटार एकमेकांपुढे ठेवतात, मापे ताडून पाहतात, रंगाच्या छटा जुळवतात, मान उघडून तिच्या टोकाशी कारखान्यात मारलेली तारीख वाचतात, आतल्या विजेच्या भागांवरचे आकडे उतरवून घेतात. कोणत्या वर्षी कोणता स्क्रू बदलला यावर दिवसचे दिवस वाद घालतात. बाहेरच्याला हा छंद वेडगळ वाटेल. परंतु ह्या वेडातून एक इतिहास लिहिला गेला. आज एखाद्या ड्युओ-सॉनिकचा जन्म जवळपास महिन्यापर्यंत सांगता येतो. आपल्या बेंजोचे दशक सांगायचे म्हटले तरी पंचाईत.

बेंजोला वीज जोडली गेली ती का, हे मात्र तर्काने उलगडते. गिटारला जो चुंबकीय पिकअप लागतो त्याची रचना अवघड नाही : चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, तांब्याच्या गुंडाळीत सूक्ष्म प्रवाह उमटतो आणि ध्वनिवर्धक त्याला मोठा करतो. अट एकच, वाजणारी तार लोखंडी वंशाची हवी. बेंजोची तार मुळातच पोलादी असल्यामुळे त्याला ह्या कामी काही बदलावे लागले नाही. पेटीला पिकअप बसला, कडेला जॅक आला, वायर भोंग्याकडे गेली. लहान मुलाच्या खोलीत जेमतेम ऐकू येणारे वाद्य ढोल-ताशांच्या डोक्यावरून ऐकू येऊ लागले. आणि त्याचा मूळचा दोषच आता त्याची ओळख झाला. आखूड तारेचा नाद लगेच विझतो, म्हणून स्वर टिकवण्यासाठी वादकाला उजव्या हाताने अखंड आघात करावे लागतात. ती जी किणकिणती, थरथरती, जराशी भांडखोर धार बेंजोत ऐकू येते, ती ह्या आघातांची. कोळीगीतांची नाचरी चाल ह्या धारेवर इतकी सहज बसते, की ती चाल बेंजोसाठीच बांधली असावी असा भास होतो.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या खेड्यांत वाद्ये माणसांना वाटून दिलेली होती. हलगी कोणी वाजवायची, सनई कोणी, संबळ कोणी, हे जन्माने ठरत असे. वाजवणे हे कौशल्य तर होतेच, पण ती गावकीची चाकरीही होती. बोलावले की जायचे, मिळेल ते घ्यायचे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाने आणि त्यानंतरच्या चळवळीने गावकीची हीन ठरवलेली कामे नाकारण्याची जी जाणीव रुजवली, तिच्या उजेडात वाद्यांकडेही पाहिले पाहिजे. हलगी हातात घेणे ही एखाद्याला कला वाटेल, एखाद्याला जखम. दलित साहित्य वाचताना हे दुहेरीपण आपण अनुभवले आहे. बेंजो ह्या वाटणीच्या बाहेरून आला. तो कोणत्याही बलुत्यात नव्हता. त्याला ना पुराणकथा होती ना मानकरी. दुकानातून पैसे देऊन तो आणता येत होता आणि आणणाऱ्याला जात विचारली जात नव्हती. म्हणूनच एकाच बेंजोवर गणपतीत कोळीगीत, चौदा एप्रिलला भीमगीत, उरुसात कव्वाली आणि लग्नात नवे चित्रपटगीत वाजते. वाजवणारा कित्येकदा तोच असतो, सुपारी देणारे बदलतात. सुपारी हा शब्दही येथे ध्यानात घ्यावा. बलुत्यात सुपारी नसते. सुपारी म्हणजे ठरलेला व्यवहार, आगाऊ रक्कम, तारीख, नाही म्हणण्याची मोकळीक. बेंजो पार्टीमधील तरुण वेठीला नव्हे, धंद्याला उभा असतो. ह्या फरकाचे मोल कमी लेखू नये.

मुंबईच्या गिरणगावातून आणि वस्त्यांमधून ही पार्टी गावोगाव कशी पोचली? चाकरमानी माणसांबरोबर, जत्रांबरोबर आणि १९८० नंतर ध्वनिफितींबरोबर. स्वस्त ध्वनिफितीने उत्तर भारतातील प्रादेशिक गाण्याचा बाजार कसा पालटला याचा अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) ह्या ग्रंथात केला आहे. बेंजोचा स्वतंत्र इतिहास मात्र त्यात शोधू नये. तो आपणच लिहायचा होता.

आपण तो लिहिला नाही, आणि का लिहिला नाही हे हार्मोनियमशी तुलना केली म्हणजे कळते. हार्मोनियमही परदेशीच. पॅरिसमध्ये १८४२ साली अलेक्झांडर दबँ यांनी तिचे स्वामित्व घेतले. तीही बटणांसारख्या पट्ट्यांची, तिच्यावरही मींड निघत नाही, तिचेही स्वर आधीच बांधून दिलेले. या दोषांपायी आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ च्या सुमारास उठली. बेंजोवर घेता येण्यासारखा एकही आक्षेप असा नाही, जो हार्मोनियमवर आधी घेतला गेला नव्हता. तरीही हार्मोनियम आपली झाली. तिला घरगुती नाव मिळाले, पेटी. मनोहर चिमोटे यांच्यासारख्या वादकाने तिला संस्कृत नाव दिले, संवादिनी. संगीत नाटकाने तिला रंगमंचापुढची हक्काची जागा दिली. आणि मुख्य म्हणजे तिला लिहिणारे हात मिळाले. गोविंदराव टेंबे पेटी वाजवत आणि उत्तम मराठी गद्य लिहीत. 'माझा संगीत व्यासंग' आजही वाचनीय आहे. पु. ल. देशपांडे पेटीवर बसत आणि महाराष्ट्र त्यांचे लेखन पाठ करीत असे. वाद्य वाजवणारा आणि वाद्याविषयी लिहिणारा एकाच देहात असणे हे हार्मोनियमचे भाग्य. बेंजो वाजवणाऱ्याला लिहिण्याची सवड नव्हती आणि लिहिणाऱ्याला बेंजोचा आवाज आला की खिडकी लावण्याची सवय होती.

मींड निघत नाही हे कारण पुढे करणाऱ्यांना आणखी एक विचारावेसे वाटते. कोऱ्हाळ्याचा बेंजोवाला स्वर मिळवताना 'काळी दोन', 'पांढरी चार' असे म्हणतो. ही भाषा पेटीच्या पट्ट्यांची आहे; बेंजोवर ना काळी पट्टी ना पांढरी. पेटीने घालून दिलेला कोश त्याने निमूटपणे स्वीकारला, कारण स्वतःचा कोश कोणी छापून दिला नाही.

चित्रपटाने एकदा प्रयत्न केला. रवी जाधव यांच्या कारकिर्दीत तीन चित्रपट असे आहेत, की ते एकत्र पाहिल्यास मराठी वाद्यांची उतरंडच डोळ्यांपुढे येते. आनंद यादवांच्या कादंबरीवरील 'नटरंग' (२०१०) तमाशाचा. 'बालगंधर्व' (२०११) संगीत नाटकाचा. आणि 'बॅन्जो' (२०१६) रस्त्यावरच्या पार्टीचा. पहिले दोन मराठीत झाले आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. तिसरा हिंदीत झाला, रितेश देशमुख त्याचा नायक होता, आणि त्याच्या वाट्याला तसे प्रेम आले नाही. चित्रपटाच्या गुणदोषांत येथे शिरत नाही. पण कथेची रचना बोलकी आहे : मुंबईच्या वस्तीतल्या बेंजोवाल्याची कला ओळखायला न्यूयॉर्कहून एक संगीतवेडी तरुणी यावी लागते. तमाशाच्या कथेला असा परदेशी साक्षीदार लागला नव्हता. बालगंधर्वांच्या तर नाहीच नाही. दिग्दर्शकाने ही सोय व्यापारासाठी केली असेल. तरीही ती आपल्याविषयी खरे बोलून जाते.

खरोखरीच्या जगात काय घडले तेही पाहू. मकरानच्या किनाऱ्यावर बलुचिस्तानात हेच जपानी वाद्य 'बेंजू' नावाने रुजले. तेथील वादकांनी ते लांब-रुंद केले, स्वतःच्या चालींना जुळवून घेतले आणि बलुची संगीताचे वाद्य म्हणून मानाने वाढवले. उस्ताद नूर बख्श हे त्या परंपरेतले. त्यांचा बेंजूही विजेवरचा आहे. आयुष्यभर आपल्या मुलुखात वाजवून झाल्यावर २०२२ मध्ये 'जिंगुल' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला, आणि सत्तरी ओलांडलेल्या ह्या वादकाला युरोपातून बोलावणी आली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासाकडच्या तारब संगीतातही हे वाद्य आहे. इंडोनेशियाच्या बेटांवर त्याची आणखी रूपे आहेत. मोरिता गोरोंच्या पेटीने हिंदी महासागराचा काठ व्यापला आणि प्रत्येक बंदरात ती तिथली होऊन राहिली. ह्या नकाशात महाराष्ट्राचा बेंजो सर्वांत कर्कश असेल कदाचित. पण विजेचा आणि मिरवणुकीचा एवढा धीट संसार त्याने क्वचितच दुसरीकडे कोठे मांडला असेल.

हा संसारही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००५ मधील निकालाने रात्री दहा ते सकाळी सहाची मर्यादा पक्की केली. नियम योग्यच आहेत. रुग्णाईत माणसाच्या उशाशी राहिलेल्या कोणालाही ते पटतील. मात्र वेळ आखडली तशी सुपारी आखडली, आणि उरलेल्या वेळेत अधिक आवाज करणारा डीजे बाजी मारून गेला. डीजेला दहा-बारा माणसे लागत नाहीत, सराव लागत नाही. दुसऱ्या बाजूने पुण्यातील ढोल-ताशा पथकांना महाविद्यालयीन तरुणाईने प्रतिष्ठा दिली. त्यांचे गणवेश, त्यांची छायाचित्रे, त्यांच्यावरील लेख यांना तोटा नाही. त्या पथकांविषयी आकस नाही. एवढेच की ढोलही एके काळी मुळशी-मावळच्या शेतकऱ्याचाच होता. शिकलेल्या हातांत गेल्यावर तो 'परंपरा' झाला. बेंजो शिकलेल्या हातांत गेला नाही, म्हणून त्याच्या वाट्याला 'गोंगाट' हा शब्द आला.

पदव्युत्तर वर्गातील ह्या भागातल्या काही मुलांचे भाऊ, चुलते, मामा पार्टीत वाजवतात. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी ओव्या आणि उखाणेच जमवायचे असतात, अशी त्यांची समजूत असते. बेंजो चालेल का, असे ती चाचरत विचारतात. चालेल. किंबहुना तेवढेच करावे. नाशिवंत वस्तूचा इतिहास ती वस्तू असतानाच लिहावा लागतो. काय लिहायचे याचा धडा परदेशातील त्या गिटारवेड्यांकडून घेता येईल. तारेची मोकळी लांबी फूटपट्टीने मोजावी. बटणे किती, ओळी किती, चालीच्या तारा किती आणि नुसत्या सुराच्या किती, ते लिहावे. पेटी कोणत्या लाकडाची, बटणे मूळची की नंतर बदललेली, पिकअप एक की दोन, तो गिटारचा आणून बसवला की कोणा कारागिराने गुंडाळला, हे विचारावे. वादक प्रत्येक भागाला कोणता शब्द वापरतो तो त्याच्याच उच्चारात उतरवून घ्यावा, आपल्या प्रमाण शब्दाने त्याला झाकू नये.

वादकांना ही चौकशी परकी नसते. एकाच मुहूर्तावर कोऱ्हाळ्यात दोन वराती असल्या आणि दोन पार्ट्या रस्त्याच्या कडेला चहाला थांबल्या, की ही तुलना आपोआप सुरू होते. एकमेकांचे बेंजो हातात घेतले जातात. बटण किती खोल दाबावे लागते ते अंगठ्याने पाहिले जाते, तार नखाने छेडली जाते, पेटी उलटी करून पाठ पाहिली जाते. कोणाच्या पेटीवर दर गणपतीला नवा रंग चढलेला असतो आणि खरचटलेल्या कोपऱ्यात जुने तीन-चार रंग एकाखाली एक दिसतात. 'तुझा बारीक आवाज देतोय, माझा जरा भरीव हाय,' एवढ्या दोन वाक्यांत तारेची लांबी, ताण आणि पिकअपची जागा यांचे सगळे शास्त्र बोलून होते.

गिटारच्या मानेवर छापलेली असते तशी तारीख मात्र ह्या पेट्यांवर कोठेही नसते. साल विचारले की वादक क्षणभर थांबतो. पेटी कधी घेतली? 'कारखान्याचा बॉयलर उशिरा पेटला होता, त्या साली.' आणि पिकअप कधी बसवला? 'थोरलीच्या लग्नाआधीच्या दिवाळीला.' विद्यार्थ्याने हे उत्तर जसेच्या तसे वहीत लिहावे, आणि मग थोरलीच्या लग्नाची पत्रिका मागावी. ती बहुधा घरात जपून ठेवलेली असते.